लग्नाच्या व्हीसीडीपासून सोसायटीच्या सीसीटीव्हीपर्यंत : बंदिस्त व्हिडिओ मुक्त प्लेअरवर कसे चालवायचे

नागपुरात कुणाचंही घर रंगवायला काढा, माळ्यावरून लग्नाची एक व्हीसीडी निघतेच. सोबत बाबांच्या सेवानिवृत्तीची डीव्हीडी, मामांनी हँडीकॅमवर टिपलेली मारबतीची मिरवणूक, शिकवणीवाल्यांनी दिलेल्या डब्ल्यूएमव्ही फाइल. अलीकडे त्यात सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेजही आलं. वस्तू वेगवेगळ्या, तक्रार एकच : ‘हे तं चालूनच नाही राहिलं.’

मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा इंटरनेटवर ‘फ्री कन्व्हर्टर’ शोधतो, घरची खासगी फाइल कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर चढवतो आणि मूळ चित्रापेक्षा खराब चित्र खाली उतरवतो. हे करू नका. बहुतेक वेळा फाइल धड असते, फक्त ती ओळखणारा प्लेअर आपल्याकडे नसतो. मूळ कंपन्यांनी ज्या पद्धती कधीच वाऱ्यावर सोडल्या, त्या मुक्त प्लेअरांनी अजून सांभाळून ठेवल्या आहेत. तेव्हा क्रम असा ठेवायचा : आधी फाइल ओळखा, मग चालवून बघा, आणि रूपांतर अगदी शेवटी, तेही गरज असेल तरच.

फाइल ओळखा

फाइलच्या नावापुढचं एव्हीआय, एमओव्ही, एमपी४ हे डब्यावरचं नाव झालं. आत भाजी कोणती आहे ते त्यावरून कळत नाही. डबा म्हणजे कंटेनर, आणि आतलं चित्र व आवाज ज्या पद्धतीनं दाबून भरलेले असतात तो कोडेक. एकाच एव्हीआयमध्ये डिव्हएक्स असू शकतं, इंटेलचं इंडिओ असू शकतं किंवा कॅमटेशियाचं स्क्रीन रेकॉर्डिंगही. म्हणून ‘एव्हीआय चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

ओळखायला दोन साधनं पुरतात. फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि कंट्रोलसोबत जे दाबा. कोडेकची खिडकी उघडते, तिच्यात चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, रुंदी-उंची आणि सेकंदाला किती फ्रेम हे सगळं दिसतं. फाइल व्हीएलसीत उघडतच नसेल तर मीडियाइन्फो नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर घ्या. ते फाइल चालवायच्या भानगडीत पडत नाही, नुसती वाचतं, म्हणून अर्धवट उतरलेल्या फाइलबद्दलही काहीबाही सांगू शकतं.

आता नेमकं काय होतंय ते बघा. आवाज येतो पण चित्र काळं, किंवा चित्र दिसतं पण आवाज नाही : अडचण कोडेकची. दोन्ही नाही आणि मीडियाइन्फोलाही डबा ओळखता येत नाही : कंटेनर अनोळखी आहे किंवा फाइल तुटलेली आहे. मीडियाइन्फोमध्ये एन्क्रिप्शनची ओळ दिसते : फाइलला कुलूप आहे, त्याचं पुढे बघू. सगळं ओळखलं जातं पण व्हिडिओ अडखळतो : तुमचा संगणक कमी पडतोय, फाइलचा काही दोष नाही.

प्लेअर कोणते घ्यावे

माझ्या मते दोन हवेत : व्हीएलसी आणि एमपीव्ही. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये व्हीएलसीचा प्रकल्प सुरू केला आणि २००१ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. कोडेक तो स्वतःच्याच पोटात घेऊन येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. एमपीव्ही हा जुन्या एमप्लेअरच्या घराण्यातला. त्याला बटणं जवळजवळ नाहीत, पण नव्या आणि अवघड फाइलवर तो व्हीएलसीपेक्षा चांगलं चित्र देतो. बटणांशिवाय चैन पडत नसेल तर लिनक्सवर सेल्युलॉइड घ्या, विंडोजवर एसएमप्लेअर घ्या. आत इंजिन तेच.

दोघांच्याही मुळाशी एफएफएमपेग हा प्रकल्प आहे. तो २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केला. रिअलव्हिडिओ, सोरेन्सन, विंडोज मीडिया असल्या बंद पद्धतींचे डीकोडर या मंडळींनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी उलगडून लिहिले, पुष्कळदा मूळ कंपनीचा कसलाही कागद हाताशी नसताना. त्यामुळे आपल्याला आज कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्सवर विंडोजच्या डीएलएल फाइल बसवायला सांगणारे जुने सल्ले अजून फिरतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. ती गरज केव्हाच संपली.

एक फरक ध्यानात ठेवा. एमएक्स प्लेअर, पॉटप्लेअर, केएमप्लेअर हे फुकट आहेत, पण मुक्त नाहीत. त्यांचा मूळ कोड आपल्याला बघता येत नाही. फोनवर डॉल्बीचा आवाज असलेली फाइल मुकी वाटली तर कुठल्या जागेवरून कोडेक शोधत बसण्यापेक्षा अँड्रॉइडचा व्हीएलसी टाका. तो प्ले स्टोअरवर आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या भांडारावरही आहे.

व्हीएलसी उतरवायचा तो व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवरूनच. हे मुद्दाम सांगतो, कारण २०२२ मध्ये भारतात ती साइट कित्येक महिने बंद होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं व्हिडिओलॅननं कायदेशीर नोटीस दिल्यानंतर त्या नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली. मधल्या काळात लोकांना कुठूनही उतरवून घ्यायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. व्हीएलसीसाठी कुणी पैसे मागत असेल तर ती साइट बंद करा. आणि ‘ही फाइल बघायला अमुक कोडेक उतरवा’ अशी पाटी एखाद्या व्हिडिओनंच दाखवली तर ती फाइल सरळ पुसून टाका. विंडोज मीडियाच्या फाइलमध्ये वेबपान उघडायची आज्ञा लपवता येते आणि व्हायरस पसरवायला ही युक्ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं वेगळं

विंडोजवर व्हीएलसी बसवला की काम संपतं. लिनक्सवर मात्र वितरणागणिक, म्हणजे मिंट, उबुंटू असल्या प्रकारागणिक, फरक पडतो. लिनक्स मिंट बसवतानाच मल्टिमीडिया कोडेकची चौकट येते, तिच्यात खूण करा. उबुंटूतही बसवताना इतरांचं सॉफ्टवेअर आणि मीडियाच्या पद्धती यांबद्दल विचारतात, तेव्हा हो म्हणा. राहून गेलं असेल तर उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज हे पॅकेज नंतरही बसवता येतं. डेबियनला व्हीएलसी आणि एमपीव्ही थेट मुख्य भांडारातून मिळतात.

खरी अडचण फेडोरावर येते. त्यामागे रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आहे, म्हणून अमेरिकेतल्या पेटंटांच्या भीतीनं फेडोरा बरेच कोडेक काढूनच देतं. २०२२ मध्ये तर ग्राफिक्स कार्डाच्या मदतीनं एच.२६४ आणि एच.२६५ हे आजचे सर्रास वापरले जाणारे कोडेक उलगडायची सोयही त्यांनी मेसा या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकली. उपाय दोन आहेत. आरपीएम फ्यूजनचं भांडार जोडून तिथला पूर्ण एफएफएमपेग घ्या, किंवा फ्लॅटहब या ॲपांच्या भांडारावरचा व्हीएलसी घ्या, तो कोडेक सोबत आणतो. नवख्या माणसाला मी दुसरा मार्ग सांगेन. ओपनसूझेवर हेच काम पॅकमन भांडार करतं.

जीनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा स्वतःचा प्लेअर वापरत असाल तर तो जीस्ट्रीमरवर चालतो आणि त्याच्या जोडण्या ‘गुड’, ‘बॅड’ आणि ‘अग्ली’ अशा गटांत विभागलेल्या असतात. परवान्याच्या कटकटी असलेल्या अग्ली गटात. कोडेक नाही असा संदेश आला तर हे गट आणि लिबअॅव्ह ही जोडणी तपासा.

लग्नाची व्हीसीडी

आधी चकतीबद्दल. नागपूरचा मे महिना चकत्यांना मानवत नाही. स्लॅबखालच्या माळ्यावर राहिलेल्या घरी भरलेल्या चकत्यांचा रंगद्रव्याचा थर उष्णतेनं उतरतो, चकती वाकडीही होते. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून पुसू नका. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर बर्डीच्या बाजारात यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह सहज मिळतो.

व्हीसीडीची पद्धत १९९३ ची. चित्र एमपीईजी-१, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम. चकतीवर एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डॅट फाइल. विंडोजवर ती फाइल ओढून व्हीएलसीत टाकली की चालते, नाव बदलायचीही गरज नाही.

लिनक्सवर मात्र भलभले फसतात. डॅट फाइल कॉपी करायला घेतली की इनपुट-आउटपुट एररचा संदेश येतो आणि माणूस चकती खराब झाली म्हणून फेकून देतो. चकती चांगलीच असते. व्हीसीडीवर व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या प्रकारचे असतात : नेहमीच्या डेटा सीडीत सेक्टरला २०४८ बाइट मावतात, इथे २३२४. जास्त चित्र मावावं म्हणून चूक दुरुस्त करणारी जादा माहिती इथे वगळलेली असते. लिनक्सची साधी कॉपी २०४८ च्या हिशेबानं वाचायला जाते आणि अडकते.

म्हणून चकती फाइल म्हणून उघडू नका, चकती म्हणूनच उघडा. व्हीएलसीत कंट्रोलसोबत डी दाबा, एसव्हीसीडी/व्हीसीडी निवडा, ड्राइव्ह बरोबर आहे का बघा आणि प्ले दाबा. संगणकावर उतरवून ठेवायचं असेल तर ग्नूच्या व्हीसीडीइमेजर संचातलं व्हीसीडीएक्सरिप किंवा केडीईचं केथ्रीबी वापरा. चित्राला हात न लावता ते एमपीईजी फाइल काढून देतात. दुरुस्तीची माहिती वगळलेली असल्यामुळे ओरखडा असेल तिथे चित्रात चौकोन उमटतात, ते काही जात नाहीत. दुसरा ड्राइव्ह लावून बघा, कधीकधी तो जास्त वाचतो.

डीव्हीडी त्या मानानं सोपी. आतल्या व्हीओबी फाइल एकेक उघडू नका. त्या १ जीबीच्या आतबाहेर तुकडे केलेल्या असतात आणि सप्तपदी नेमकी दोन तुकड्यांत विभागली जाते. व्हिडिओ टीएस हे सबंध फोल्डर व्हीएलसीला द्या, मेनूसकट चालेल. माणसं हलली की कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसत असतील तर ते इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी टिपलेलं चित्र आहे. व्हीएलसीत असो की एमपीव्हीत, नुसता डी दाबा, रेषा जातात. ओरखडे पडलेल्या डीव्हीडीची आधी ग्नू डीडीरेस्क्यूनं प्रतिमा, म्हणजे सबंध चकतीची जशीच्या तशी एक फाइल, काढावी आणि मग ती प्रतिमाच व्हीएलसीत उघडावी. न वाचता आलेल्या जागा ते टिपून ठेवतं आणि पुन्हा फक्त तेवढ्याच वाचायचा प्रयत्न करतं, चकतीला उगीच दमवत नाही.

विंडोज मीडिया, रिअल, क्विकटाइम आणि इतर जुनी मंडळी

डब्ल्यूएमव्ही म्हणजे मायक्रोसॉफ्टची पद्धत. नवव्या आवृत्तीपासून निघालेला व्हीसी-१ हा २००६ मध्ये अधिकृत मानक झाला, त्यामुळे हे कुटुंब बहुतेक बिनतक्रार चालतं. शिकवणीवाल्यांनी फळ्याऐवजी स्क्रीन टिपलेल्या फाइलमध्ये विंडोज मीडिया स्क्रीन हा वेगळा कोडेक असतो, तोही एफएफएमपेगला कळतो. कॅमटेशियाच्या जुन्या एव्हीआयमधला टीएससीसीसुद्धा.

२००० नंतरच्या काही वर्षांत मंद इंटरनेटवरून उतरवलेल्या रिअलमीडियाच्या फाइल अनेकांकडे आहेत, आरएम किंवा आरएमव्हीबी नावाच्या. त्यासाठी रिअलप्लेअर शोधू नका. दोन्ही मुक्त प्लेअर त्या उघडतात. पुढेमागे सरकवताना अडखळल्या तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये टाकून एमकेव्हीच्या डब्यात हलवा, कुठली फ्रेम कुठे आहे ते सांगणारी नवी सूची तयार होते आणि चित्र आहे तसंच राहतं.

क्विकटाइम ॲपलनं १९९१ मध्ये आणलं आणि विंडोजवरची त्याची आवृत्ती २०१६ मध्ये वाऱ्यावर सोडली, सुरक्षेची भोकं उघडी असतानाच. एखाद्या जुन्या संगणकावर ते अजून असेल तर काढून टाका. आतले सिनेपॅक, सोरेन्सन आणि स्टुडिओवाल्यांचा प्रोरेस, तिघेही व्हीएलसीत चालतात. इंडिओचंही तसंच.

डिव्हएक्सची गंमत अशी की सुरुवातीचा डिव्हएक्स मायक्रोसॉफ्टच्याच कोडेकमध्ये फेरफार करून बनवलेला होता. आज अडचण कोडेकची येत नाही, तुटलेल्या सूचीची येते : अर्धवट उतरलेल्या एव्हीआयची लांबी चुकीची दिसते, पुढे सरकवता येत नाही. व्हीएलसीच्या प्राधान्यांत, म्हणजे कंट्रोलसोबत पी, इनपुट-कोडेकच्या पानावर खराब किंवा अपूर्ण एव्हीआयचं काय करायचं ते निवडता येतं. तिथे नेहमी दुरुस्त करा असं ठेवा. मूळ फाइलला धक्का लागत नाही, सूची फक्त चालवण्यापुरती बनते.

नोकियाच्या काळातल्या थ्रीजीपी, हँडीकॅमच्या एमटीएस, यूट्यूबच्या आरंभीच्या एफएलव्ही : सरळ चालतात, पुढे जा. एसडब्ल्यूएफ मात्र व्हिडिओ नसून फ्लॅशचा प्रोग्रॅम असतो. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, त्यासाठी रफल हे मुक्त साधन घ्या. आणि ऑनलाइन मीटिंगच्या वेबेक्सच्या जुन्या एआरएफ फाइलवर वेळ घालवू नका. त्या वेबेक्सच्याच प्लेअरमध्ये उघडून तिथूनच एमपी४ काढाव्या लागतात.

सीसीटीव्हीचं फुटेज

इथे जरा थांबतो, कारण इथे चूक झाली तर नुसता व्हिडिओ जात नाही, पुरावा जातो. मनीषनगरात गाडीला कुणी ठोकून गेलं, महालात दुकानाचं शटर फोडलं, की पहिली धाव डीव्हीआरकडे, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याकडे. आणि हातात पडते ती डीएव्ही नावाची फाइल. दाहुआ आणि तिच्या धाटणीच्या डीव्हीआरची ही पद्धत, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांत तीच असते. आत चित्र साधं एच.२६४ किंवा एच.२६५ च असतं, पण त्याभोवती कंपनीचं स्वतःचं वेष्टन.

पहिलं काम : फुटेज काढतानाच डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ यांतला फरक कागदावर लिहा. डीव्हीआरची घड्याळं सर्रास पुढेमागे असतात. नंतर ‘गाडी ९.१० ला गेली की ९.२२ ला’ यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसरं : बॅकअप घेताना डीव्हीआर डीएव्ही की एव्हीआय असं विचारत असेल तर डीएव्हीच घ्या. वेळ आणि कॅमेऱ्याचा क्रमांक त्या वेष्टनात असतो, एव्हीआय करताना तो हरवू शकतो. हवं तर एव्हीआय जास्तीची घ्या.

तिसरं : फाइल उघडायच्या आधी तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढा. विंडोजवर सेव्हन-झिप हे मुक्त सॉफ्टवेअर असेल तर फाइलवर उजवी कळ दाबून सीआरसी एसएचए या यादीतून एसएचए-२५६ निवडा. जी लांबलचक अक्षरमाला येईल ती जपून ठेवा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पार वेगळी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात या हॅशसाठी जागाच ठेवलेली आहे.

चौथं : प्रत बनवा आणि मूळ पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. यापुढे सगळे प्रयोग प्रतीवर.

आता चालवणं. आधी नवा एमपीव्ही वापरून बघा. डीएव्हीचं वेष्टन ओळखायची सोय एफएफएमपेगमध्ये २०१९ च्या ४.२ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे अद्ययावत एमपीव्हीत फाइल ओढून टाकली की बहुधा काम होतं. हाती फक्त व्हीएलसी असेल आणि पडदा काळाच राहत असेल तर त्याला जबरदस्तीनं सांगावं लागतं : कंट्रोलसोबत पी, खाली डावीकडे सेटिंग्जमध्ये ‘ऑल’, मग इनपुट-कोडेक, त्यात डीमक्सर, म्हणजे डबा उघडून आतलं चित्र-आवाज वेगळं करणारा भाग. उजवीकडच्या यादीतून एच२६४ व्हिडिओ डीमक्सर निवडा, जतन करा, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. कॅमेरा एच.२६५ चा असेल तर एचईव्हीसीचा निवडा, ते त्याचंच दुसरं नाव. वेष्टनच बाजूला पडल्यामुळे वेग चुकतो, माणसं धावताना दिसतात. डीमक्सरच्याच पोटात एच२६४ च्या पानावर सेकंदाला किती फ्रेम ते भरता येतं, डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये जो आकडा असेल तो टाका. काम झाल्यावर ही निवड पुन्हा स्वयंचलित करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरातला एकही व्हिडिओ चालणार नाही आणि बोलणी तुम्हाला बसतील.

हिकव्हिजनच्या काही डीव्हीआरची फाइल नावाला एमपी४ असते, आत मात्र एमपीईजी प्रोग्रॅम स्ट्रीम. तिच्यासाठी त्याच यादीतून एमपीईजी-पीएस निवडा.

गाडीचा नंबर वाचायचा असेल तर व्हीएलसीत ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा, हवी तिथे शिफ्टसोबत एस दाबून चित्र टिपून घ्या. एमपीव्हीत हेच टिंबाच्या कळीनं पुढे, स्वल्पविरामाच्या कळीनं मागे. हे मागे जाणं व्हीएलसी ३ मध्ये नाही, म्हणून फुटेज बघायला मी एमपीव्हीच पसंत करतो. पोलीस ठाण्यात देताना मात्र मूळ डीएव्ही, हॅश आणि कंपनीचा प्लेअर असं तिन्ही द्या. समोरच्या संगणकावर एमपीव्ही असेलच असं नाही.

आयफोनचे व्हिडिओ आणि दमलेला लॅपटॉप

आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत टिपू शकतो. विंडोजचा स्वतःचा प्लेअर त्यासाठी स्टोअरमधून विकतची जोडणी घ्यायला सांगतो. ती घेऊ नका, व्हीएलसीत ते फुकट चालतं. आयफोन १२ पासूनचे एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची जास्त मोठी पट्टी टिपणारे व्हिडिओ साध्या पडद्यावर फिकट, राखाडी दिसतात. हळदीच्या कार्यक्रमातली हळदच पांढरी पडते. तेव्हा तीच फाइल एमपीव्हीत उघडून बघा, रंगांची पट्टी साध्या पडद्याला साजेशी करण्यात तो पुढे आहे.

अडखळणाऱ्या ४के व्हिडिओचं कारण प्रोसेसरमध्ये असतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून आठ बिटांचा एचईव्हीसी चिपमध्येच उलगडतो, दहा बिटांचा नीट उलगडायला सातवी पिढी लागते. त्याआधीच्या यंत्रावर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि पंखा कूलरसारखा घोंघावायला लागतो. व्हीएलसीच्या प्राधान्यांत इनपुट-कोडेकच्या पानावर हार्डवेअर डीकोडिंग स्वयंचलित ठेवा. उलट हिरवे-गुलाबी पट्टे दिसत असतील तर तेच बंद करून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर गडबड करतोय. एमपीव्हीत कंट्रोलसोबत एच दाबलं की ही सोय चालू-बंद होते आणि आय दाबलं की ती खरंच चालू आहे का ते दिसतं.

कुलूप असेल तर

कोडेक नसणं आणि कुलूप असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीए किंवा नीटच्या शिकवण्यांचे पेनड्राइव्हवरचे वर्ग, ओटीटीवरून ॲपमध्ये उतरवलेले चित्रपट, परवाना मागणाऱ्या जुन्या डब्ल्यूएमव्ही फाइल : या एन्क्रिप्ट केलेल्या असतात. किल्ली कंपनीच्या प्लेअरकडे किंवा सर्व्हरकडे असते आणि कुठलाही मुक्त प्लेअर त्या उघडू शकत नाही. परवान्याचा सर्व्हर बंद पडला असेल तर रीतसर विकत घेतलेली फाइलही मेली. मला हे पटत नाही, पण त्यावर सेटिंग बदलून उपाय होत नाही.

कायदा कुठे उभा आहे तेही बघून घ्या. नुसता डीकोडर वापरणं आपल्याकडे भीतीचं काम नाही : पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमवर पेटंट मिळत नाही आणि एका प्रोग्रॅमचा दुसऱ्याशी मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती उलगडून काढण्याला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाव देतं. कुलूप तोडणं मात्र वेगळं. हक्कभंगाच्या हेतूनं ते केलं तर २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५ए खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकवणीचा वर्ग मित्राला द्यायचा म्हणून कुलूप तोडणारी साधनं शोधू नका. घरच्या लग्नाच्या डीव्हीडीला असलं कुलूप नसतंच.

रूपांतर करायचंच असेल तर

आजीच्या टीव्हीला पेनड्राइव्हवरची एमपी४ च कळते, असं असू शकतं. तेव्हाही आधी विचारा : आतला कोडेक टीव्हीला चालतो का? एमटीएस किंवा एमकेव्हीत एच.२६४ असेल तर नुसता डबा बदलणं पुरतं. लॉसलेसकट या मुक्त साधनात फाइल ओढा, बाहेर पडणारी पद्धत एमपी४ निवडा, निर्यात करा. थोड्या वेळात होतं आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही.

व्हीसीडी, डब्ल्यूएमव्ही, रिअल यांचा कोडेकच बदलावा लागतो, त्यासाठी हँडब्रेक हे मुक्त सॉफ्टवेअर. फाइल उघडा, प्रीसेट ‘फास्ट’ गटातला घ्या आणि मग तीन गोष्टी बदला. फ्रेमचा वेग मूळ फाइलइतकाच ठेवा. दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, २० च्या आसपास ठेवा, आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. इंटरलेस्ड चित्र असेल तर फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस चालू करा. आकार वाढवू नका. ३५२ बाय २८८ चं चित्र फुल एचडी केल्यानं नवरीचा चेहरा स्पष्ट होत नाही, फक्त फाइल फुगते.

सबंध लग्न एकदम लावण्याआधी मधलीच दोन मिनिटं करून बघा. हँडब्रेकमध्ये सुरुवात आणि शेवट सेकंदांत देता येतो. ती टीव्हीवर लावा आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींच्या ओठांशी आवाज जुळतो का ते बघा. व्हीएलसीत पाहताना आवाज मागेपुढे वाटला तर जे आणि के या कळांनी तो तात्पुरता सरकवता येतो, पण रूपांतरित फाइलमध्येच फरक पडला असेल तर हँडब्रेकमध्ये फ्रेमचा वेग ‘स्थिर’ निवडून पुन्हा करा. आणि चकतीवरून काढलेली मूळ एमपीईजी फाइल पुसू नका. तासाभराची व्हीसीडी जेमतेम सहाशे एमबीची असते, तेवढी जागा आता कुठल्याही पेनड्राइव्हवर मिळते.